साक्ष दिल्यानंतर आजार परत आला तेव्हा

पत्राचा सारांश : अहिल्यानगर जिल्ह्यातील एका प्रोटेस्टंट कुटुंबातील भगिनी लिहितात. त्या ३१ वर्षांच्या असून शाळेत शिकवतात. त्यांच्या २६ वर्षांच्या धाकट्या भावाला चार वर्षांपूर्वी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, आवाज ऐकू येऊ लागले. त्याने पवित्र आत्म्याविरुद्ध पाप केले आहे आणि त्याला आता क्षमा नाही, असे ते आवाज त्याला सांगतात. मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले आणि गोळ्यांनी बराच उतार पडला. मागच्या वर्षी एका आरोग्यदान सभेत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, गोळ्या बंद करण्यात आल्या, आणि चर्चच्या कमिटीवर असलेल्या वडिलांनी रविवारच्या उपासनेत उभे राहून मुलगा पूर्ण बरा झाल्याची साक्ष दिली. साडेतीन महिन्यांनी आजार परत आला. मंडळीला हे अजून कळू दिलेले नाही. भगिनी जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात आणि वडिलांच्या नकळत, कधी भावाला सांगून तर कधी चहातून, देतात. घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे असे वडिलांचे म्हणणे आहे. मुलाला एका दूरच्या प्रार्थना-केंद्रात तीन महिने ठेवण्याचा त्यांचा विचार आहे. आई आणि मावशी म्हणतात, लग्न करून द्या. भगिनी विचारतात : "आम्ही गोळ्या देतो म्हणजे देवावर अविश्वास दाखवतो का? आणि वडिलांचा शब्द मोडून मी हे करते, ते पाप आहे का?"

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचे सगळे तुम्हाला त्या ओझ्याशिवाय वाचता येईल. गोळ्या देणे हा अविश्वास नाही, आणि आजारी भावाला औषध मिळावे म्हणून धडपडणे हे पाप नाही. मात्र ज्या रीतीने तुम्ही ते देत आहात ती रीत बदलायला हवी, आणि त्याची घाई आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

जुनी चिठ्ठी ही जुन्या परिस्थितीची चिठ्ठी असते. काही महिने औषध बंद राहिल्यानंतर शरीराची त्याची सवय मोडलेली असते. या आजारावरची काही औषधे तर खंडानंतर पूर्वीच्या मात्रेत एकदम सुरू करणे धोक्याचे ठरते, ती पुन्हा कमी मात्रेपासून चढवावी लागतात. त्यामुळे हा आठवडा संपण्याच्या आत भावाला घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, आणि मधल्या काळात गोळ्या बंद होत्या, का बंद होत्या आणि तुम्ही त्या परत कशा सुरू केल्या, हे काहीही न लपवता सांगा. डॉक्टर रागावतील याची भीती वाटत असेल, पण ज्यांना हा आजार ठाऊक आहे त्यांना गोळ्या सोडून देणारे रुग्ण आणि कुटुंबे रोजच भेटतात. गोळ्यांमुळे भावाला झोप येत असेल, हात थरथरत असतील, वजन वाढले असेल, तर तेही बोला. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, आणि रोजची गोळी हाच जर घरातल्या भांडणाचा विषय असेल तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायच्या इंजेक्शनची सोय काही औषधांत आहे, ती तुमच्या भावाला लागू पडते का हे विचारा.

चहातून गोळी देणे मात्र आजपासून थांबवा. तुम्ही ते प्रेमापोटी करता हे मला कळते, आणि थकलेल्या घरांमधून हा मार्ग किती जणांनी धरला आहे तेही मी जाणते. पण ज्या माणसाला आपल्याविरुद्ध काहीतरी चालले आहे असे आधीच वाटते आहे, त्याच्या चहात खरोखरच काहीतरी घातले जात असेल आणि एके दिवशी ते त्याच्या लक्षात आले, तर त्याचा संशय हा भ्रम उरत नाही, तो खरा ठरतो. त्यानंतर तो तुमच्या हातचे पाणीही घेणार नाही. घरात एका माणसाच्या शब्दावर तरी त्याचा भरवसा राहिला पाहिजे, आणि ते माणूस बहुधा तुम्हीच आहात.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. "गोळी की विश्वास" असा तराजू तुम्ही मांडला आहे, आणि तो तुम्ही मनाने मांडलेला नाही, तो तुमच्या घरात कोणीतरी आणून ठेवला आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने तो ओळखला नसता. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशनचे रुग्णालय उघडले, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या किती ख्रिस्ती घरांतून माणसे मोतीबिंदू आणि मुतखड्यासाठी, बाळंतपणासाठी मिशन दवाखान्यांत गेली. तिथे शस्त्रक्रियेआधी प्रार्थना होत असे आणि मग शस्त्रक्रियाही होत असे. प्रार्थना झाली म्हणून सुरी खाली ठेवली गेली नाही, आणि सुरी उचलली म्हणून कोणाचा विश्वास मोजला गेला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे मानसिक आरोग्य केंद्र १९५७ पासून चालू आहे आणि तिथे रुग्णाबरोबर घरातल्या माणसाने राहायचे, आजार समजून घ्यायचा, अशी पद्धत पडली. पवित्र शास्त्रातही हेच आहे : यशयाच्या ३८ व्या अध्यायात हिज्कीया राजाला प्रार्थनेचे उत्तर मिळते आणि त्याच अध्यायात गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला सांगितले जाते, पौलाच्या सोबत्यांपैकी लूक हा 'प्रिय वैद्य' आहे, आणि त्याने वैद्यकी सोडल्याचे कोठेही म्हटलेले नाही. तुमच्या वडिलांना रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. असेल तर त्या गोळीबद्दल मंडळीत कोणी त्यांना प्रश्न विचारला होता का, एवढे स्वतःशी आठवून पाहा. मेंदू हाही शरीराचाच अवयव आहे, पण त्याचा आजार वागण्यातून आणि बोलण्यातून दिसतो, आणि वागण्या-बोलण्याला आपण स्वभाव, पाप किंवा भूत यांपैकी काहीतरी म्हणायला शिकलेलो आहोत.

वडिलांच्या साक्षीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मला वाटते तुमच्या घरातली खरी गाठ तिथे आहे. वडील खोटे बोलले असे मी मानत नाही. या आजारात गोळ्या थांबवल्या की आजार दुसऱ्या दिवशी परत येत नाही. आधीच्या औषधाने आणलेला उतार काही आठवडे, कधी काही महिने टिकतो, उलट सुस्ती गेल्यामुळे माणूस सुरुवातीला पूर्वीपेक्षा ताजातवाना दिसतो. त्या काळात तुमच्या वडिलांनी मुलाला हसताना पाहिले आणि त्यांचे मन भरून आले. जे दिसले ते त्यांनी सांगितले. चूक झाली ती घाईची. मार्क पहिल्या अध्यायात प्रभू एका कुष्ठरोग्याला बरे करतो आणि त्याला बजावतो की कोणाला काही सांगू नकोस, आधी जाऊन स्वतःला याजकाला दाखव. लेवीय १३ मध्ये ही तपासणी कशी करायची ते आहे : याजकाने पाहायचे, सात दिवस थांबायचे, पुन्हा पाहायचे, शंका असेल तर आणखी सात दिवस थांबायचे. त्या काळी रोग तपासण्याचे काम ज्याच्याकडे होते त्याच्याकडे प्रभूने आपल्या हाताने बऱ्या केलेल्या माणसालाही पाठवले, आणि साक्ष त्यानंतरची ठेवली. आज ती तपासणी डॉक्टर करतात. कोणाला बरे वाटत असेल तर त्याने डॉक्टरांना दाखवावे, डॉक्टर स्वतः मात्रा कमी करत नेतील, सहा महिने, वर्षभर पाहतील, आणि मग मंडळीपुढे उभे राहावे. आरोग्यदानाच्या सभा घेणाऱ्या सेवकांनी एवढा एकच नियम पाळला, तरी पुष्कळ घरे वाचतील. पण माइकवरून "गोळ्या फेकून द्या" असे सांगणारा सेवक तीन महिन्यांनी त्या घरात नसतो, हे मी जरा कडवटपणे लिहिते आहे आणि ते मागे घेत नाही.

त्या साक्षीने आता तुमच्या घराला कोंडून ठेवले आहे. आजार परत आला असे म्हटले तर साक्ष खोटी ठरते, आणि साक्ष खोटी ठरली तर वडिलांचा मंडळीतला मान आणि कदाचित त्यांचा स्वतःचा देवावरचा भरवसा डळमळतो. म्हणून कमी पडलेला विश्वास कोणाचा, हे शोधणे त्यांना सोपे जाते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते, की पाप याने केले की याच्या आईबापांनी, आणि योहान ९ मध्ये प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. वडिलांशी बोलताना "तुमची साक्ष चुकली" असे म्हणू नका. "बाबा, तेव्हा त्याला बरे वाटत होते हे खरे, आणि आता तो पुन्हा आजारी आहे हेही खरे, दोन्ही देवासमोर सांगता येईल" असे म्हणा. एकट्याने बोलणे जड जात असेल तर पाळकसाहेबांना आधी भेटा, आणि ते समंजस असतील तर हे बोलणे त्यांच्या उपस्थितीत होऊ द्या. पाळकांनाच औषधाबद्दल शंका असेल तर डॉक्टरांकडे पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जाण्याची भावाची परवानगी विचारा. बाहेरून कठोर वाटणारे पाळक दवाखान्याच्या बाकावर तास-दीड तास बसल्यानंतर बदललेले मी पाहिले आहेत.

"पण हा दुष्टात्मा असेल तर?" हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो तुमच्या पत्राच्या दोन ओळींमध्ये बसलेला आहे. मी त्या विषयावर धर्मशास्त्राचा वाद घालणार नाही. एवढेच सांगते की ज्या चर्चपरंपरांनी या विषयाचा सर्वांत जास्त काळ विचार केला आहे त्यांनीच त्याला कुंपण घातले आहे : वसई आणि गोव्यातल्या कॅथोलिक वाचकांना माहीत असेल की त्यांच्या चर्चच्या कायद्याप्रमाणे बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि आधी मानसिक आजार नाही याची खात्री करून घ्यावी लागते, मानसिक आजार हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे, असे त्यांची धर्मशिकवण स्पष्ट म्हणते. आणि मार्क ५ वाचणारच असाल तर नीट वाचा. गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भूतग्रस्त माणसाला बेड्या आणि साखळदंड घातले होते ते गावाने. प्रभूने त्याला बांधले नाही, मारले नाही, उपाशी ठेवले नाही. आणि तो शुद्धीवर आल्यावर त्याला आपल्याबरोबर दूर नेण्याऐवजी स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांकडे पाठवले.

म्हणून त्या प्रार्थना-केंद्राबद्दल मला काळजी वाटते. सगळी केंद्रे वाईट असतात असे मी म्हणत नाही. वडील ऐकायला तयार असतील तर भावाला न नेता तुम्ही दोघे आधी एकदा तिथे जा, आणि न सांगता जा. तिथे राहणाऱ्या लोकांची औषधे चालू ठेवली जातात का, डॉक्टर येतात का, कोणाला बांधलेले किंवा कुलपात ठेवलेले दिसते का, आजारी माणसांना उपास घडवतात का, आणि रुग्णाला घरी फोन करता येतो का, हे पाहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास त्यात मनाई आहे आणि जिथे मनोरुग्णांना उपचारासाठी ठेवून घेतले जाते त्या जागेची राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या एका खासगी निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली आणि साखळ्यांमुळे पळता न आलेले २८ जण मृत्युमुखी पडले. त्यांनाही त्यांच्या घरच्यांनी बरे होण्याच्या आशेनेच तिथे ठेवले होते. धर्म वेगळा होता एवढ्याने आपण निश्चिंत होऊ नये.

भावाबद्दल लिहिते. अक्षम्य पाप केल्याची त्याची खात्री ही या आजारात ख्रिस्ती घरांमध्ये वारंवार दिसते. आजार माणसाच्या मनात जे सर्वांत मोलाचे असते त्याचीच भाषा उचलतो. इंग्रज कवी विल्यम कूपर यांची भक्तिगीते इंग्रजी उपासनेत आजही गायली जातात. त्यांना १७७३ मध्ये अशीच खात्री झाली की देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे, आणि ती उरलेल्या आयुष्यात सुटली नाही. त्यांचे पाळक आणि मित्र जॉन न्यूटन यांनी समजावण्याचे पुष्कळ प्रयत्न केले, पण त्यांनी केलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे आजाराच्या त्या काळात कूपर यांना वर्षाहून अधिक आपल्या घरी राहू दिले. यातून तुम्ही आणि तुमचे पाळक एवढे घेऊ शकता : भावाशी वचने काढून वाद घालू नका. वादात तो जिंकेल, कारण त्याच्याकडे वेळ जास्त आहे आणि आवाज त्याच्या बाजूने आहेत. "तुला हे ऐकू येते आणि त्याचा तुला फार त्रास होतो, हे मी मानते. मला ते ऐकू येत नाही. देवाने तुला टाकले आहे असे मला वाटत नाही" इतकेच शांतपणे, दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत सांगा आणि मग चहाचे, क्रिकेटचे, दारातल्या कुत्र्याचे बोला. तो स्वतः शास्त्र वाचायला मागत असेल तर स्तोत्र ८८ त्याच्यापासून लपवू नका. ते अंधारात संपते, शेवटी कोणतेही सांत्वन त्यात नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याला देव जवळ वाटत नाही अशा माणसाच्या प्रार्थनेलाही तिथे जागा आहे.

त्याच्याकडून उपास करवून घेऊ नका आणि त्याला रात्रभराच्या प्रार्थनेला बसवू नका. हे मी विशेष ठळकपणे लिहिते आहे, कारण चांगल्या हेतूने होणारे नुकसान इथेच होते. सलग जागरण हे अशा आजारांमध्ये दुखणे उफाळण्याचे एक ओळखीचे कारण आहे, आणि इतर वाचकांपैकी ज्यांच्या घरी लिथियमची गोळी चालू आहे त्यांनी लक्षात ठेवावे की उपासाने किंवा उन्हाने अंगातले पाणी कमी झाले तर त्या औषधाचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढू शकते. उपास घरच्या निरोग्यांनी करावा. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला तेव्हा १ राजे १९ प्रमाणे देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि उठवून पुन्हा खायला दिले.

आवाज त्याला जीव देण्याबद्दल सांगतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो तसे म्हणाला, किंवा निरोपाचे बोलू लागला, जेवण-पाणी सोडले, तर त्याला एकटे ठेवू नका आणि वाट न पाहता डॉक्टरांना किंवा जिल्हा रुग्णालयाला गाठा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो मराठीतही बोलतो आणि तिथे रुग्णाप्रमाणे नातेवाइकांनाही सल्ला मिळतो. घरी शेती असेल तर फवारणीची औषधे आजच घरातून हलवा आणि कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. गोळ्यांचा साठाही तुमच्याकडे असू द्या.

लग्नाबद्दल थोडक्यात. लग्न हा उपचार नाही, आणि आजार लपवून केलेले लग्न म्हणजे कोणाच्या तरी मुलीशी केलेला अन्याय आहे. पुढे भाऊ स्थिर झाला, त्याला स्वतःला हवे असले आणि समोरच्या मुलीला सगळे माहीत असले, तर त्या वेळी त्या प्रश्नाचा विचार करता येईल. आईला हे सांगताना तिच्या भीतीकडे मात्र पाहा, "आमच्यानंतर याचे कोण?" हा तिचा खरा प्रश्न आहे आणि सून हे तिला सुचलेले उत्तर आहे. त्या प्रश्नाला दुसरी उत्तरे मिळू लागली की लग्नाचा धोशा कमी होतो. त्यांपैकी काही कागदावरची आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि ४० टक्के किंवा अधिक असे प्रमाणपत्र मिळाल्यास काही योजनांचा मार्ग उघडतो. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे, असे २०१७ च्या कायद्यात आहे. त्याच कायद्याप्रमाणे भाऊ बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही करून, आपल्या उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने कोणी निर्णयात साथ द्यायची ते नाव ठरवू शकतो. ते नाव वडिलांचेच असले पाहिजे असे नाही. त्याने तुमचे दिले, तर "वडिलांचा शब्द मोडते" या तुमच्या रुखरुखीला वेगळा अर्थ येईल, कारण तेव्हा तुम्ही भावाचा शब्द पाळत असाल.

घरातल्या बोलण्याच्या सुराबद्दल एक गोष्ट संशोधनातून पक्की झालेली आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या कामातून दिसले की ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते, किंवा त्याच्या प्रत्येक श्वासावर पहारा ठेवला जातो, त्या घरात स्किझोफ्रेनिया पुन्हा उफाळण्याचे प्रमाण जास्त असते. पुढे चंदीगडला अभ्यास झाला तेव्हा आपल्याकडच्या कुटुंबांत असा टीकेचा सूर लंडनपेक्षा कमी आढळला. म्हणजे आपल्या घरांकडे एक बळ आहे. "तुझा विश्वास कमी पडतो" हे वाक्य मात्र त्या बळाला सुरुंग लावते, कारण ती टीका आहे आणि ती देवाच्या नावाने केलेली असल्यामुळे तिला उत्तर देता येत नाही. घरात हे वाक्य यापुढे कोणीही कोणालाही म्हणायचे नाही, एवढा ठराव झाला तरी पुष्कळ झाले. जास्त काळजीचाही तोच धोका आहे, आणि इथे मी तुमच्याकडे बोट दाखवते आहे. तुम्ही चर्चच्या गायनमंडळात जाणे सोडले आहे, शाळेच्या सहलीला नकार दिला आहे आणि रात्री भावाच्या खोलीबाहेर झोपता, असे लिहिले आहे. त्याच्या मनात आत्महत्येचे विचार असतील तर ते काही रात्रींपुरते योग्य आहे. पण कायमचे जगणे म्हणून ते तुम्हालाही आजारी पाडेल आणि त्यालाही कैदी करेल. माझ्या आत्याच्या आजारपणात आजीने पंधरा वर्षे असा पहारा दिला. आजी गेल्यावर कळले की आत्याला स्टोव्ह पेटवता येत होता, भाकरी थापता येत होती, बाजारातून पैसे मोजून भाजी आणता येत होती. तिला कोणी करू दिले नव्हते.

मार्क २ मधली पक्षघाती माणसाची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवली असेल. चार जण त्याला बाजेवर उचलून आणतात, दारातून वाट मिळत नाही तेव्हा छप्पर उकलतात आणि बाज खाली सोडतात. तिथे लिहिले आहे की प्रभूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता हे त्याला कोणी विचारले नाही. तो बहुधा हलून काही सांगण्याच्या स्थितीतही नव्हता. तुमच्या वडिलांनी आणि त्या सभेतल्या सेवकांनी हा हिशेब उलटा मांडला आहे : आजारी माणसाने, नाहीतर त्याच्या बहिणीने, पुरेसा विश्वास जमवून दाखवावा आणि मंडळीने बसून निकाल पाहावा. मंडळीचे काम बाज उचलण्याचे आहे. सध्या ती चारी बाजूंनी तुम्ही एकट्या उचलता आहात आणि ती तशी उचलली जात नाही, हा तुमच्या विश्वासाचा दोष नाही, साध्या वजनाची गोष्ट आहे.

म्हणून आणखी तीन माणसे शोधा. सगळ्या मंडळीला सांगण्याची गरज नाही, आणि भावाला न विचारता कोणालाच सांगू नका. पण त्याच्या संमतीने तिघांना सांगा. एखादा तरुण संघातला मुलगा, जो आठवड्यातून दोनदा त्याच्याबरोबर फक्त फिरायला येईल आणि 'कसे वाटते' हे विचारणार नाही. भगिनी मंडळातली एखादी वडीलधारी बाई, जी आईला घेऊन बसेल आणि तिचे रडणे ऐकेल. कागदपत्रांची आणि दवाखान्यातल्या रांगांची सवय असलेला एखादा निवृत्त माणूस, कारण प्रमाणपत्राच्या खेपा तुमच्या शाळेच्या वेळेतच पडणार. या तिघांपैकी कोणी सल्ले देऊ लागला तर त्याला पवित्र शास्त्रातल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांची आठवण करून द्यायला हरकत नाही : सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे सगळे बरोबर होते.

तुमच्या घरी दर बुधवारी होणारी कॉटेज मीटिंग गेल्या चार महिन्यांपासून बंद आहे आणि आई लोकांना काहीबाही कारणे सांगते, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. डॉक्टरांची भेट झाल्यावर, वडिलांशी बोलणे झाल्यावर, ती मीटिंग पुन्हा घरी घ्या. पाच-सहाच लोक बोलवा. भावाला सांगा की त्याला वाटले तर त्याने यावे, नाहीतर आपल्या खोलीत राहावे, आणि दार उघडे की बंद ठेवायचे तेही त्यानेच ठरवावे. त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची का, हे त्याला आधी विचारा. नको म्हणाला तर त्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या आजाऱ्यांसाठी करा. मीटिंग साडेआठला संपवा, कारण डॉक्टरांनी गोळीची वेळ रात्री नऊची दिली असेल तर ती वडिलांच्या देखत, जेवणानंतर, पाण्याच्या पेल्याबरोबर त्याच्या हातात द्यायची आहे.